विश्लेषण : जंगल तोडण्याचे पैसे कोण देते?

ब्राझीलच्या अॅमेझॉनमध्ये १९९५ या एका वर्षात २९,०५९ चौरस किलोमीटर जंगल तुटले. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तरी एवढे क्षेत्रफळ भरत नाही. २०१२ मध्ये हा आकडा ४,५७१ वर आला. २०२१ मध्ये तो पुन्हा १३,०३८ झाला आणि २०२४ मध्ये ६,२८८. ब्राझीलची ‘इन्पे’ ही अवकाश संशोधन संस्था उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दरवर्षी ही मोजणी करते. १९८८ पासूनची सगळी आकडेवारी खुली आहे; मोबाइलवरही पाहता येते.

शाळेच्या पुस्तकात जंगलतोडीचे कारण एका ओळीत आटोपले जाते: लोकसंख्या वाढते, गरिबांना शेती आणि सरपण लागते, म्हणून झाडे तुटतात. हे खरे असते तर आलेख सावकाश वर चढत गेला असता. १९९५ ते २०१२ या काळात ब्राझीलची लोकसंख्या वाढतच होती, पण तोड सहा भागांतून एका भागावर आली. हा आलेख लोकसंख्येचा वाटत नाही, बाजाराचा वाटतो. तो वाचायचा तर दर वेळी एकच प्रश्न विचारावा लागतो. या वर्षी झाडे पाडण्याचा मोबदला कोण देत होते?

सुरुवातीला पैसे कोणी दिले?

सरकारने. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्करी राजवट आली. रिकामे अॅमेझॉन म्हणजे सीमेवरचा धोका, असे लष्कराचे मत होते. (तिथे राहणारे आदिवासी या हिशेबात नव्हतेच.) १९७० मध्ये ईशान्य ब्राझीलमध्ये भीषण दुष्काळ पडला. अध्यक्ष मेडिसी यांनी तिकडच्या भूमिहीनांना अॅमेझॉनमध्ये वसवण्याची योजना जाहीर केली आणि ट्रान्स-अॅमेझॉन महामार्गाचे काम सुरू झाले. ‘माणसांविना असलेली जमीन, जमिनीविना असलेल्या माणसांसाठी’ ही त्या वेळची घोषणा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक कुटुंबाला १०० हेक्टर, म्हणजे जवळपास अडीचशे एकर. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. पण माती बहुतेक ठिकाणी निकस होती, मलेरिया होता आणि पिकवलेले विकायला बाजार शेकडो किलोमीटर दूर. एक लाख कुटुंबे वसवायची होती. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही कोणी पोहोचले नाही.

मग सरकारने भूमिहीनांऐवजी कंपन्यांकडे मोर्चा वळवला. ‘सुदाम’ या प्रादेशिक विकास संस्थेमार्फत १९६६ पासून करसवलत मिळतच होती. कंपनीने भरायच्या प्राप्तिकरापैकी निम्म्यापर्यंतची रक्कम सरकारकडे भरण्याऐवजी अॅमेझॉनमधल्या मंजूर प्रकल्पात गुंतवायची. असे बहुतेक प्रकल्प गुरांचे होते. मोटारी बनवणाऱ्या फोक्सवॅगननेही पारा राज्यात सुमारे १ लाख ४० हजार हेक्टरचे कुरण विकसित करायला घेतले. गाडीच्या कंपनीला गुरे पाळण्यात एवढा रस का, असे वाटेल. पण जो पैसा करापोटी जाणारच होता, तो जमिनीत घातला तर तोटा होणार तरी कसला? यातले कित्येक गोठे मांसाच्या धंद्यात सपशेल बुडीत होते; कागदावर मात्र नफ्यात होते.

जागतिक बँकही यात होती. १९८१ पासून तिच्या कर्जातून रोंडोनिया राज्यातला बीआर-३६४ हा महामार्ग पक्का झाला आणि वसाहती उभ्या राहिल्या. उपग्रहाच्या चित्रात तिथली तोड माशाच्या काट्यासारखी दिसते: मधोमध मुख्य रस्ता आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले समांतर फाटे. जगभरातून टीका झाल्यावर १९८५ मध्ये बँकेने कर्जाचे हप्ते काही काळ थांबवले. डिसेंबर १९८८ मध्ये रबर गोळा करणाऱ्या मजुरांचे नेते चिको मेंडिस यांची शापुरी गावात हत्या झाली. त्यांचे म्हणणे सरळ होते: उभ्या जंगलातून चीक आणि फळे विकून पोट भरता येते. त्यांना मारणारे कुरणांसाठी जमीन मोकळी करणाऱ्यांच्या बाजूचे होते.

सवलती आटल्या, तरी तोड का थांबली नाही?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारी तिजोरीत खडखडाट झाला आणि नव्या सवलती आटत गेल्या. तोपर्यंत रस्ते तयार होते आणि जमिनीला बाजारभाव आला होता. इथून मोबदला देणारा बदलला.

१९९० मध्ये चलनवाढ रोखण्यासाठी अध्यक्ष कोलोर यांनी एका रात्रीत लोकांची बँक खाती गोठवली. बाजारातून रोकडच गायब झाली. १९९१ मध्ये अॅमेझॉनमधली तोड ११,०३० चौरस किलोमीटरवर आली, तोपर्यंतच्या नोंदींमधला सर्वात कमी आकडा. या घसरणीचा जंगल खात्याच्या कामगिरीशी फारसा संबंध नव्हता. यंत्रे आणि मजूर लावायला पैसाच नव्हता. पुढे १९९४ मध्ये ‘रियाल’ हे नवे चलन आले, भाव स्थिर झाले, कर्जे आणि गुंतवणूक सुरू झाली आणि लगेच १९९५ चा उच्चांक. हाती फक्त कुऱ्हाड असलेला गरीब शेतकरी बँक खाती गोठल्याने थांबत नाही आणि कर्ज स्वस्त झाल्याने धावतही नाही. आलेख हलवणारे हात मोठ्या भांडवलाचे होते, हे या चार वर्षांतून जेवढे स्वच्छ दिसते तेवढे कुठल्याही अहवालातून दिसणार नाही.

आता त्या हातांचा हिशेब पाहू. अॅमेझॉनमध्ये तुटलेल्या जमिनीच्या बहुतांश भागावर कुरण आहे. पण एका हेक्टरवर सरासरी एखादेच जनावर चरते. दुधा-मांसाच्या धंद्यात ही उत्पादकता हास्यास्पद आहे. तरीही कुरण का? कारण गुरे हे पीक नाही, ते कुंपण आहे. ब्राझीलमध्ये सरकारी पडीक जमिनीवर हक्क सांगायचा तर ती ‘वापरात’ असल्याचे दाखवावे लागे. झाडे पाडून गवत पेरले, चार गुरे सोडली की वापर सिद्ध. मोकळ्या जमिनीला जंगलापेक्षा कित्येक पट भाव मिळतो. रस्ता डांबरी होणार अशी नुसती बातमी आली तरी तो आणखी चढतो. चलनवाढीच्या काळात तर जमीन ही बँकेपेक्षा सुरक्षित ठेव होती.

या धंद्याला तिथे ‘ग्रिलाजेम’ म्हणतात. शब्द आला रातकिड्यावरून. जमिनीचे बनावट खत तयार करायचे, ते रातकिड्यांसह पेटीत बंद करून ठेवायचे. काही दिवसांत कागद पिवळा पडतो, कडा कुरतडल्या जातात आणि खत पन्नास वर्षे जुने भासते. आता काम संगणकावर होते, नाव मात्र तेच राहिले.

आणि त्या कुंपणातली गुरे कुठली? ‘नेलोरे’ ही ब्राझीलच्या मांसधंद्यातली सर्वात मोठी जात आपल्या आंध्रातल्या ओंगोल गाई-बैलांची वंशज आहे. नाव नेल्लोरवरून पडले. एकोणिसाव्या शतकापासून ही जनावरे जहाजातून तिकडे गेली. युरोपातली गुरे उष्ण हवेत आणि गोचिडांपुढे टिकत नव्हती, ही टिकली.

सोयाबीनचा यात काय वाटा?

सोया हे मुळात थंड प्रदेशातले पीक. १९७३ मध्ये अमेरिकेने काही काळ सोयाबीनची निर्यात रोखली आणि जपान हादरला. दुसरा पुरवठादार हवा म्हणून जपानने ब्राझीलच्या सेराडो या गवताळ पठारात पैसा ओतला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘एम्ब्रापा’ या कृषी संशोधन संस्थेने उष्ण कटिबंधात येणारी वाणे काढली आणि आम्लधर्मी मातीवर चुन्याचा उपाय बसवला. संशोधन म्हणून हे काम अव्वलच. पण शेतकऱ्याने सेराडोतले आणि अॅमेझॉनच्या कडेचे कुरण चांगल्या भावात विकत घेतले, की विकणारा पशुपालक तो पैसा घेऊन आणखी उत्तरेला, जंगलात सरकत असे. सोयाने झाड पाडले नाही. झाड पाडणाऱ्याला भांडवल दिले.

नंतर सगळे एकदम जुळून आले. १९९९ मध्ये रियालचे अवमूल्यन झाले, म्हणजे तेवढ्याच डॉलरमध्ये शेतकऱ्याला जास्त रियाल. ‘मॅड काऊ’ रोगामुळे युरोपने २००१ पासून पशुखाद्यात हाडा-मांसाची भुकटी बंद केली. तिची जागा सोयापेंडीने घेतली. चीन २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला आणि डुकरे-कोंबड्यांसाठी सोया उचलू लागला. २००३ मध्ये सांतारेम इथे, थेट अॅमेझॉन नदीवर, कारगिलचे बंदर सुरू झाले. २००४ मध्ये तोड २७,७७२ चौरस किलोमीटर.

२००४ ते २०१२ मध्ये नेमके काय घडले?

त्याच वर्षी पर्यावरणमंत्री मारिना सिल्वा यांच्या पुढाकाराने कृती आराखडा आला. त्या स्वतः रबर गोळा करणाऱ्या कुटुंबातल्या, मेंडिस यांच्या सहकारी. ‘डेटेर’ ही उपग्रह प्रणाली सुरू झाली आणि तोड झाल्यानंतर वर्षाने नव्हे, काही दिवसांत कळू लागले. धाडी पडल्या, यंत्रे जप्त झाली. बातम्यांत हेच जास्त दिसले, पण माझ्या मते निर्णायक घाव दुसरीकडे बसला.

२००६ मध्ये ग्रीनपीसने अॅमेझॉनमधला सोया युरोपातल्या कोंबडीमार्गे मॅकडोनाल्ड्सच्या ताटात कसा पोहोचतो ते दाखवले. काही महिन्यांत बड्या व्यापारी कंपन्यांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरचा सोया न घेण्याचा करार केला. त्याआधीच्या दोन वर्षांत अॅमेझॉनमधल्या सोयाच्या नव्या क्षेत्रापैकी सुमारे ३० टक्के थेट जंगल तोडून आले होते. २०१४ पर्यंत हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. २००८ मध्ये सरकारने आणखी दोन गोष्टी केल्या. जमिनीची कागदपत्रे आणि पर्यावरणाचे नियम पाळल्याचा पुरावा नसेल तर अॅमेझॉनमध्ये शेतीकर्ज नाही, असा नियम आला. आणि सर्वाधिक तोड असलेल्या तालुक्यांची यादी जाहीर करून तिथल्या सगळ्यांनाच कडक तपासणी लावली. एका शेजाऱ्याच्या तोडीमुळे सगळ्या गावाचे कर्ज अडायची वेळ आली, तेव्हा स्थानिक पुढारीच तोड थांबवायला धावले.

म्हणजे व्यापारी आणि बँक, मोबदल्याचे दोन्ही नळ बंद झाले. जंगलाचा कायदा आधीही कडक होता. अॅमेझॉनमधल्या खासगी मालकानेही आपल्या जमिनीचा ८० टक्के भाग जंगल म्हणून राखावा, असे तो सांगत होता. पण तो कोणाच्या खिशापर्यंत पोहोचत नव्हता. सगळे श्रेय धोरणांना देणेही चूक ठरेल. २००४ नंतर सोया-मांसाचे भाव पडले आणि रियाल मजबूत झाला, त्याचाही हात होता. ब्राझीलमधल्या क्लायमेट पॉलिसी इनिशिएटिव्हच्या अर्थतज्ज्ञांनी हे वेगळे करून पाहिले तेव्हा वाचलेल्या जंगलापैकी साधारण निम्मे धोरणांमुळे वाचले, असे निघाले. २००७-०८ मध्ये भाव पुन्हा चढले, तरी तोड आधीसारखी उसळली नाही.

गळती राहिलीच. सोयाचा करार सेराडोला लागू नव्हता, तिथली तोड चालू राहिली. मांस कंपन्यांनी २००९ मध्ये असाच शब्द दिला, पण तो शेवटच्या पुरवठादारापुरता. वासरू तोडलेल्या जमिनीवर जन्माला येते, वाढते आणि शेवटचे काही महिने ‘स्वच्छ’ गोठ्यात काढून कत्तलखान्यात जाते. काळ्या पैशाचे जे होते तेच गुरांचे.

मग आलेख पुन्हा का चढला?

२०१२ मध्ये नवा वन कायदा आला आणि जुलै २००८ पूर्वीच्या बेकायदा तोडीचे दंड अटींवर माफ झाले. अनधिकृत मजले आणि गुंठेवारी नियमित करण्याच्या घोषणा दर निवडणुकीत ऐकणाऱ्या आपल्या वाचकांना पुढचे सांगायला नको. एकदा माफी मिळाली की पुढची माफी गृहीत धरून गुंतवणूक होते. २०१९ मध्ये अध्यक्ष बोल्सोनारो यांनी तपासणी यंत्रणेचे बळ काढून घेतले आणि तोडीचे आकडे जाहीर करणाऱ्या ‘इन्पे’च्या संचालकांना हटवले. वन कायदा तोच होता. बदलली ती पकडले जाण्याची शक्यता आणि जमीन नावावर होण्याची आशा. २०२३ मध्ये लुला परतले, सिल्वा पुन्हा पर्यावरणमंत्री झाल्या आणि आकडा उतरू लागला. आलेखाचे हे वळण अजून पक्के धरता येत नाही, कारण ते एका निवडणुकीवर उभे आहे.

हे सगळे तिकडचे. आपला काय संबंध?

ब्राझीलच्या सोयातेलाचे आपण गिऱ्हाईक आहोतच. पण आपला थेट धागा इंडोनेशियाशी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने दिवाळीसाठी ‘आनंदाचा शिधा’ दिला. १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. आधीच्या पिढीला रेशनवरचे पामतेल आठवत असेल. फरसाण, बिस्किटे, वेफर्स, साबण यांच्या वेष्टनावर ते ‘वनस्पती तेल (पाम)’ किंवा ‘पामोलीन’ म्हणून असते.

इंडोनेशियाची गोष्टही तीच, क्रम थोडा वेगळा. १९६७ च्या वन कायद्यानंतर सुहार्तो राजवटीने लाखो हेक्टरचे लाकूडतोडीचे परवाने वाटले. १९८५ मध्ये ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी आली. जंगल वाचवण्यासाठी नव्हे, देशात प्लायवूडचे कारखाने चालावेत म्हणून. ताडाच्या बागेला फळ यायला तीन-चार वर्षे लागतात आणि तोपर्यंत नुसता खर्च. जंगल असलेली जमीन घेतली तर आधी लाकूड विकून तो खर्च निघतो. उजाड जमीन उपलब्ध असतानाही कंपन्यांना जंगलच हवे असायचे, त्याचे एक कारण हे. दुसरे कारण कारखान्याचे. तोडलेला घड साधारण एका दिवसात गाळला नाही तर तेलाची प्रत बिघडते. म्हणून बागेच्या मधोमध गिरणी लागते आणि गिरणी परवडायला भोवती काही हजार हेक्टर सलग बाग. ऊस आणि साखर कारखान्याचे नाते माहीत असलेल्यांना हे लगेच कळेल. १९९० च्या सुमारास १० लाख हेक्टरच्या आसपास असलेली लागवड २०२० पर्यंत १.६ कोटी हेक्टरच्या घरात गेली.

ही वाढ झाली त्याच काळात भारताने दार उघडले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण होतो. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली आणि पुढे शुल्क उतरत गेले. आज देशाच्या गरजेतले निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येते, वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक. त्यात सर्वात मोठा वाटा पामचा, आणि पामतेलाचा जगातला सर्वात मोठा आयातदार भारत.

इथे एक सावधगिरी हवी. तुमच्या कढईतले तेल तोडलेल्या जंगलातलेच आहे, असे नाही. हेक्टरी तीन-चार टन तेल देणारे दुसरे पीक नाही. तेवढ्याच तेलासाठी सोया लावला तर सात-आठ पट जमीन लागेल. लागवडीचा सुमारे ४० टक्के भाग छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. आणि २०१५ च्या भीषण वणव्यांनंतर, ज्यात २६ लाख हेक्टर जळाले आणि जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलर धरले, इंडोनेशियाने परवाने आवळले. बड्या खरेदीदारांनी ब्राझीलच्या सोयासारख्याच अटी घातल्या. २०२१-२२ मध्ये पामतेल कडाडले तेव्हा तोड जुन्या वेगाने वाढली नाही. पण या अटी घालणारे बहुतांशी पाश्चात्त्य ब्रँड होते. आपल्या बाजारात विचारला जातो तो फक्त भाव. प्रमाणित तेलाला थोडे वरचे पैसे मोजावे लागतात आणि ते मोजणारे गिऱ्हाईक भारतात फार नाही.

भारताच्या हातात काय आहे?

आयातशुल्क. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले, कारण लातूर-विदर्भासह देशभर सोयाबीनचे भाव पडले होते. मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणले, कारण तेल महागले होते. शेतकरी आणि गृहिणी असे दोनच रकाने या वादात असतात. तोडमुक्त असल्याचा पुरावा असलेल्या तेलाला दोन टक्के शुल्क कमी, एवढा तिसरा रकाना जोडायला काही अवघड नाही. जगातला सर्वात मोठा गिऱ्हाईक असे विचारू लागला तर विकणारा ऐकतो. गरीब ग्राहकावर बोजा पडेल हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच दंड नव्हे, सवलत.

उभ्या जंगलाला मोबदला देण्याचे प्रयत्नही चालू आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेलेम येथील हवामान परिषदेत ब्राझीलने त्यासाठी जागतिक निधी सुरू केला. त्यात राखलेल्या जंगलाचा दर हेक्टरी वर्षाला सुमारे ४ डॉलर आहे, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास. अडीच एकराचे.

आणि एक जागा आपल्याच देशात आहे. २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांचे पामतेल अभियान मंजूर केले. भर ईशान्य भारत आणि अंदमानवर. लागवडीला अनुदान आणि फळाला भावाची हमी, म्हणजे मोबदला देणारे सरकार. आयात कमी व्हावी हा हेतू चुकीचा नाही आणि आंध्र-तेलंगणात भातशेतीच्या जागी हे पीक आले आहे, तिथे जंगलाचा प्रश्न येत नाही. ईशान्येत मात्र जमीन कोणती, हे विचारावे लागते. झूम शेतीत काही वर्षे विश्रांतीला सोडलेला डोंगरउतार कागदावर पडीक दिसतो. प्रत्यक्षात तिथे जंगल परत येत असते. मिझोराममध्ये हा प्रयोग २००४-०५ पासून चालू आहे. तिथे अडचण आली ती एका दिवसाच्या गणितात. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून घड वेळेत गिरणीपर्यंत पोहोचत नव्हते, आणि बाग लावलेल्या कित्येकांनी ती सोडून दिली.